लिहिता येत होतं, वाचता येत नव्हतं

त्या सकाळी मला वाटलं, पेपरवाल्यानं चुकून दुसऱ्याच भाषेतला पेपर टाकलाय. पाथर्डीची गाडी गाठायची म्हणून मी उभ्यानंच चहा घेत होते आणि रोजच्यासारखी मथळ्यांवरून नजर फिरवत होते. फोटो होते, जाहिराती होत्या, अक्षरंही होती, पण ओळखीची नव्हती. तेलुगू असावं, नाहीतर कन्नड. हे स्वयंपाकघरात आपला डबा भरत होते. मी हाक मारली, "अहो, हा कुठला पेपर टाकून गेलाय बघा."

हे बाहेर आले, पाहिलं आणि म्हणाले, "आपलाच आहे की."

"मग हे मोठ्या अक्षरात काय लिहिलंय?"

ह्यांनी मथळा वाचून दाखवला. पाणीपुरवठ्याची काहीतरी बातमी होती. मी परत कागदाकडे पाहिलं. ओळीच्या डोक्यावरची रेघ दिसत होती, तिला लटकलेले आकार दिसत होते. एकही आकार बोलत नव्हता. चष्मा पुसला, पुन्हा घातला. कॅलेंडरपाशी गेले. तारखा वाचता आल्या, पण वारांची नावं वाचता येईनात. घड्याळ वाचता आलं. गाडी चुकणार हे कळलं. तरी मी तशीच पर्स घेऊन निघाले होते, ह्यांनी हात धरून बसवलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिसगावच्या पुढं एका वस्तीवर आमची दोन खोल्यांची शाळा, आणि नगरहून रोज एसटीनं माझं अपडाऊन. हे नागापूरला एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. मुलगी लग्न होऊन लांब गेली. घरात आम्ही दोघंच. त्या दिवशी ह्यांनी शिफ्ट बुडवली आणि मला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. "डोळे उत्तम आहेत," ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला. उजवीकडचा अर्धा भाग मला दिसतच नाही हे त्यांनी शोधून काढलं. एका डोळ्याचा नाही, दोन्ही डोळ्यांचा. मला त्याचा पत्ताही नव्हता. आदल्या संध्याकाळी डोकं खूप दुखत होतं आणि चौकटीवर उजवा खांदा दोनदा आपटला होता, तेवढंच. त्यांनी चिठ्ठी लिहून मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. चिठ्ठी माझ्याच हातात होती. रिक्षात मी ती उघडून बघत होते, मिटत होते, परत उघडत होते.

एमआरआय झाला. मेंदूच्या डॉक्टरांनी कोरा कागद आणि पेन दिलं. "नाव, गाव लिहा."

मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, शाळेचं नाव लिहिलं. कोणी न सांगता पुढं एक वाक्य लिहिलं, आज माझ्या वर्गावर कोण जाणार म्हणून. हात सरसर चालत होता. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, सुटले.

डॉक्टरांनी कागद पालथा ठेवला. रक्तदाबाच्या गोळ्या कधीपासून बंद केल्या ते विचारलं, मुलीची चौकशी केली, मग कागद उलटून माझ्यासमोर धरला. "वाचा."

मी पाहत राहिले. अक्षर वळणदार होतं. ओळी सरळ होत्या. कोणाचं अक्षर आहे तेवढं कळलं, कारण माझं अक्षर मी ओळखते. काय लिहिलंय ते कळेना.

"आत्ता तुम्हीच लिहिलंय हे."

"हो. नाव-पत्ता असेल."

"असेल असं नको. वाचून सांगा."

मला नाही सांगता आलं. डॉक्टरांनी बाहेरून दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर सगळं पुन्हा करून घेतलं. त्यातल्या एकीनं तोंडावर हात ठेवला. तो तिचा हात मला फार लागला.

डॉक्टरांनी नंतर ह्यांना आणि मला शांतपणे समजावलं. मेंदूच्या मागच्या भागात डाव्या बाजूला रक्त पोहोचलं नव्हतं. बोलण्याची जागा शाबूत होती, लिहिण्याची शाबूत होती. डोळ्यांनी पाहिलेलं त्या जागेपर्यंत नेणारा रस्ता तुटला होता. मला करंजीचा घाट आठवला. दरड पडून घाट बंद झाला की नगरही जागेवर असतं आणि तिसगावही जागेवर असतं, फक्त गाडी जात नाही. "मग दुसरा रस्ता?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "कधी कधी निघतो. वेळ लागतो. तोवर विश्रांती घ्या."

विश्रांती हा शब्द मला तेव्हापासून नकोसा झाला.

घरी आल्यावर पहिल्याच जेवणात मी ह्यांच्यावर चिडले. "भाजी नाही केली का?" हे माझ्या ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी ताट अर्धं फिरवलं. उजवीकडची वांग्याची भाजी डावीकडं आली, आणि एकदम ताटात भाजी उगवली. हे हसले नाहीत. मीही हसले नाही. पुढं कितीतरी दिवस जेवताना ताट फिरवायची आम्हाला सवय लागली.

मला बसवेना. घरभर अक्षरं होती आणि आजवर मला ती इतकी आहेत हे माहीत नव्हतं. हळदीच्या पाकिटावर, साबणावर, गॅसच्या टाकीवर, लाईटबिलावर, ह्यांच्या बनियनच्या आतल्या पट्टीवर. सगळी गप्प. मी एका खोलीतून दुसरीत जायची, एक डबा उचलायची, ठेवायची, दुसरा उचलायची. जणू एखादा तरी विसरभोळेपणानं बोलून जाईल. मुलीनं फोनवर सांगून मोबाईलमध्ये वाचून दाखवण्याची सोय सुरू करून दिली. मोबाईल सगळं वाचायचा. शाळेच्या ग्रुपवरचे निरोप, प्रार्थनासभेच्या वेळा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं एकाच सुरात, पूर्णविराम गिळून. उत्तर मी बोटानं स्क्रीनवर लिहून पाठवायची आणि पाठवलेलं मलाच वाचता यायचं नाही. मुलगी म्हणायची, "आई, काम झालं ना मग?" काम होत होतं. पण ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. ऐकताना दुसऱ्याच्या चालीनं चालावं लागतं.

महिनाभरानं डॉक्टरांनी एका मुलीला माझा नंबर दिला. ती पुण्याला शिकत होती. आघातानंतर माणसांचं वाचन आणि लेखन कसं मोडतं आणि काय शिल्लक राहतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. फोनवर म्हणाली, "मॅडम, या विषयावर इंग्रजीत खूप काम झालंय. मराठीत फार थोडं. आपली लिपी वेगळी आहे. पहिली वेलांटी आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, हे त्यांच्याकडं कुठं असतं?"

वेलांटीबद्दल कोणीतरी इतक्या आस्थेनं बोलतंय म्हटल्यावर मी तिला ये म्हणाले.

ती आली तेव्हा पाठीवर बॅग, हातात लॅपटॉप, आणि एवढीशी पोर. तिनं आधी श्रुतलेखन घेतलं. आयुष्यभर मी घेत आले, आता माझं कोणीतरी घेत होतं. कठीण, विहीर, शून्य, आशीर्वाद, उज्ज्वल. मी लिहीत गेले. तिनं कागद पाहिला आणि म्हणाली, "एकही चूक नाही. उज्ज्वल तर मीसुद्धा चुकते." मग तिनं मराठीत नसलेलेच शब्द सांगायला सुरुवात केली. "टमोश. लिहा." लिहिलं. "फुळीग." मी थांबले.

"पहिला उकार की दुसरा?"

ती हसली. "तेच तर मला बघायचंय. तुम्ही काय ठरवता."

मला ते आवडलं नाही. शब्दच नाही तर त्याचं शुद्धलेखन कसलं? पण ती समजावत बसली. ओळखीचा शब्द आपण आठवणीतून उचलून लिहितो, अनोळखी शब्द आवाजावरून बांधत जातो. माझी दोन्ही कामं चालू आहेत का ते तिला पाहायचं होतं. दोन्ही चालू होती. मग तिनं तेच शब्द छापलेली कार्डं समोर धरली, आणि मी पुन्हा भिंतीसमोर उभी राहिले.

तिनं आणखी एक गोष्ट दाखवली. डोळे मिटायला सांगून ती तोंडानं अक्षरं सांगू लागली, "वला पहिली वेलांटी वि, हला दुसरी वेलांटी ही, र." मी लगेच म्हणाले, "विहीर." डोळ्यांवाटे न येणारा शब्द कानांवाटे अक्षर-अक्षर करून आला होता. ती गेल्यावर मी ह्यांच्या मागे लागले.

"पेपर घ्या. मला अक्षरं फोडून सांगा."

"अगं, सरळ वाचतो ना."

"वाचू नका. फोडून सांगा, शब्द मी जुळवीन."

शिफ्टवरून आलेला माणूस, पायाला गरम पाण्याचा शेक घेत, मांडीवर पेपर ठेवून सांगू लागला. "पला काना पा, णला दुसरी वेलांटी णी." पाणी. "टला काना टा, कला दुसरी वेलांटी की." टाकी. एका ओळीला चहा गार व्हायचा. जोडाक्षर आलं की हे घामाघूम. "रला काना रा, मग अर्धा ष, मग ट, त्याच्या पायाशी ते काय असतं टोपीसारखं, त्याच्यावर दुसरी वेलांटी..."

"राष्ट्रीय!" मी ओरडले.

"च्यायला," हे म्हणाले, "मला वाचायला दिलं असतंस तर आत्तापर्यंत पेपर संपून मी झोपलो असतो." पण दुसऱ्या दिवशी न सांगता पेपर घेऊन बसले.

ती मुलगी दर पंधरवड्याला येऊ लागली. एकदा तिनं लॅपटॉपवर शब्द दाखवायला सुरुवात केली. शब्द क्षणभर झळकायचा आणि जायचा. "वाचू नका," ती म्हणाली. "फक्त सांगा, खायची वस्तू की जनावर?"

"मला दिसलाच नाही धड."

"अंदाज करा."

"मी शिक्षिका आहे. मी मुलांना अंदाजानं उत्तर लिहू देत नाही."

"मॅडम, प्लीज. मनात येईल ते."

मी रागारागानं सांगत सुटले. जनावर. खायचं. खायचं. जनावर. एकही शब्द मला कळला नव्हता. पाट्या टाकल्यासारखी बोलत होते. संपल्यावर तिनं लॅपटॉपवर काहीतरी पाहिलं, परत पाहिलं आणि माझ्याकडं वळली. "बहुतेक सगळे बरोबर आहेत."

"नशीब."

"इतकं नशीब नसतं, मॅडम. तुमच्या मेंदूचा काही भाग शब्द ओळखतोय. अर्थाच्या जवळपास जातोय. फक्त तुम्हाला कळवत नाहीये."

ती हे खुशीत सांगत होती. तिच्या कामाच्या दृष्टीनं ती मोठीच गोष्ट असणार. मी मात्र तिच्यासाठी ठेवलेले पोहे तसेच ठेवून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. माझ्या आत कोणीतरी वाचत होतं आणि मला सांगत नव्हतं. माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांनी. त्यानंतर कुठलाही कागद समोर आला की मी आतल्या आत विचारायची, काय आहे? सांग ना. दार वाजवत राहावं आणि आतून हालचाल ऐकू यावी, पण कडी निघू नये, तसं. त्या दिवसांत मी चालायला लागले. सकाळी सावेडीच्या बाजूला, दुपारी ऊन असलं तरी बाजारपेठेकडं, संध्याकाळी हे आले की त्यांना घेऊन पुन्हा. हे म्हणायचे, "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय." घरी बसलं की आतला माणूस आणि मी दोघंच उरायचो, म्हणून मी बाहेर पडायची.

असंच एकदा मी माळीवाड्याच्या स्टँडवर गेले. काही काम नव्हतं. आपली गाडी कुठली ते बघावं एवढंच. गाड्यांवरच्या पाट्या नव्या नावानं रंगवायचं काम तेव्हा चालू होतं, काहींवर अहमदनगर, काहींवर अहिल्यानगर, असं हे सांगत. मी एका पाटीसमोर उभी राहिले आणि जुनं की नवं ते मला कळेना. माझ्याच गावाचं नाव! मग माझं बोट पदराआड आपोआप हललं. पाटीवरचा पहिला आकार डोळ्यांनी पकडून बोट मांडीवर तसाच गिरवू लागलं. वरचा पोटफुगा, खालचा पोटफुगा, मधली आडवी, मग काना. अ. हात ज्या वाटेनं गेला ती वाट माझी होती, ती मला माहीत होती. पुढं पहिली वेलांटी, मग ह. म्हणजे नवं. अहिल्यानगर. मी स्टँडवर उभ्या उभ्या मोठ्यानं म्हणाले, "अहिल्यानगर!" शेजारची बाई म्हणाली, "व्हय, नगरच हाय की हे. तुमाला कुटं जायचंय?"

दुसरा रस्ता निघाला होता. फार अरुंद आणि हळू, पण माझा. मी गिरवत सुटले. साबण, हळद, लाईटबिल. सिटी बसमध्ये खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्या गिरवायची, तर दोन अक्षरं होईपर्यंत पाटी मागे पडायची. 'किरा' झालं की गाडी पुढं, 'मेडि' झालं की पुढं. सगळं गाव माझ्यासाठी अर्ध्या शब्दांचं झालं होतं. रस्त्यात खड्डा आला, गाडी हळू झाली की मला आनंद व्हायचा.

ती पुण्याची मुलगी पुढच्या वेळी आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. तिनं कार्ड धरलं, मी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "विहीर." दुसरं धरलं, "कपाट." तिचा चेहरा उजळला. चार-पाच कार्डांनंतर तिची नजर टेबलाखाली गेली.

"मॅडम, तुम्ही बोटानं गिरवताय."

"हो. जमतंय."

"फार छान. खरंच छान. पण आता एकदा हात टेबलावर सपाट ठेवाल? बोट न हलवता?"

मी ठेवले. कार्ड समोर आलं. परत कानडी. दुसरं आलं, तेही तसंच. बोट शिवशिवत होतं. तिनं पेनानं काहीतरी टिपलं, आणि त्या टिपण्याच्या आवाजानं माझा तोल गेला.

"तू मला बरं करायला येतेस की माझ्या चुका मोजायला?"

ती गोंधळली. "मॅडम, मी... बरं करणं मला येत नाही. मी फक्त समजून घेतेय."

"मला जे एक जमलं, तेच तू बंद करायला सांगतेस."

"बंद नाही. गिरवून किती आणि न गिरवता किती, हे वेगळं वेगळं बघायला हवं, नाहीतर..."

"नाहीतर तुझा कागद पुरा होणार नाही. माझे हात टेबलावर ठेवून तुझी पदवी होणार असेल, तर मला नको ते. जा तू आता."

ती कार्डं गोळा करून गेली. ह्यांनी तिला कोपऱ्यापर्यंत पोहोचवलं आणि परत आल्यावर माझ्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलले नाहीत. शेवटी ताट फिरवता फिरवता म्हणाले, "पोरगी लांबून येते."

"माहितीय मला."

पण मी फोन केला नाही.

रजा संपली. मुख्याध्यापकांना सगळं माहीत होतं. भला माणूस, पण काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं. "मॅडम, तुम्ही आता पहिलीच घ्या. पहिलीला कुठं वाचायचं असतं जास्त?"

"सर, पहिलीलाच तर वाचायचं असतं," मी म्हणाले, आणि पहिलीच घेतली.

फळ्यावर लिहिताना काही अडचण नव्हती. खडू हातात आला की मी पूर्वीचीच. उजवीकडं बसलेली मुलं दिसायची नाहीत, म्हणून सगळी मुलं डावीकडं सरकवून बसवली. शिकवणं, गाणी, गोष्टी, सगळं झालं. मग मी पाटीवर 'पाणी' लिहायला सांगितलं. एक मुलगी धावत पाटी घेऊन आली.

"बाई, बरुबर हाय का?"

सगळा वर्ग बघत होता. मी पाटी मांडीवर घेतली आणि तिच्या अक्षरावरून बोट फिरवू लागले. प. काना. मग... मुलगी किंचाळली, "बाई, पुसलं की वो तुमी!"

खरंच. गिरवता गिरवता मी तिचं अख्खं पाणी पुसून टाकलं होतं. माझं बोट पांढरं झालं होतं आणि पाटी काळी. पोरं हसली. ती रडवेली झाली. काहीच न सुचून मी तिच्यापुढं तळहात पसरला. "इथं लिही. बोटानं."

तिनं माझ्या तळव्यावर लिहिलं. मी डोळे मिटून घेतले. प, काना, मग वेलांटी आणि न. वेलांटी नच्या आधी आली, म्हणजे पहिली. "ण बाणाचा, बाळा. आणि वेलांटी दुसरी," मी म्हणाले, "परत लिही." तिनं परत लिहिलं. या वेळी बरोबर.

मग सगळ्यांनाच माझ्या हातावर लिहायचं होतं. रांग लागली. कोणाचं बोट चिकट, कोणाचं खडबडीत, एकाच्या नखात माती. कोण अक्षर कुठून सुरू करतं, कोण काना आधी ओढतं, कोण वेलांटी मागाहून आठवून लावतं, ते पाटीवर कधी दिसलं नव्हतं. ते आता कळत होतं. एकाला 'मी' लिहायचा होता, तो फक्त मी. लिहून तो हात सोडेना. दुपारपर्यंत माझा तळवा लाल झाला होता आणि मला अख्ख्या आजारपणात पहिल्यांदा कडकडून भूक लागली होती.

त्या संध्याकाळी मी त्या मुलीला फोन केला. "सॉरी" म्हणायचं ठरवलं होतं. ते राहिलंच. म्हटलं, "वेलांटी कोण आधी लिहितं आणि कोण नंतर, ते तुला बघायचं असेल तर शाळेत ये."

ती आली. पुण्याहून नगर, नगरहून पाथर्डीची गाडी, तिसगावला उतरून पुढं मुख्याध्यापकांच्या मोटरसायकलवर. वर्गात मागे भिंतीला टेकून बसली. मुलांनी तिच्याही हातावर लिहून पाहिलं, तिला एकही अक्षर ओळखता येईना. पोरं लोळली हसून. "पुन्याच्या बाईला येत न्हाई!" मधल्या सुट्टीत आम्ही दोघी पिंपळाच्या पारावर बसलो. ती म्हणाली, "त्या दिवशी मी आधी तुम्हाला शाबासकी द्यायला हवी होती. मग हात ठेवायला सांगायला हवं होतं."

"दिली होतीस की. मीच ऐकली नाही."

मग मी हात पारावर सपाट ठेवले आणि म्हणाले, "काढ तुझी कार्डं." तिनं काढली नाहीत. डब्यातली भाकरी मात्र मागून घेतली.

पुढं तिनं सगळं पुन्हा नीट तपासलं, गिरवून आणि न गिरवता. तिचा लेख इंग्रजीत झाला. त्यात माझं नाव नाही, नुसती दोन अक्षरं आहेत. तिनं मला तो मराठीत सांगत सांगत ऐकवला. सगळं खरं होतं आणि नीट होतं. ऐकताना वाटलं, कोण ही बाई, बरीच धीराची दिसते. घरी काय गोंधळ चालला होता त्याचा त्यात पत्ता नव्हता.

आता दोन वर्षं होतील. उजवीकडचं दिसायला लागलेलं नाही. एक पान वाचायला मला कुकर लावून उतरवेपर्यंतचा वेळ लागतो. कादंबरी सोडली, कविता धरली, तिथं शब्द कमी असतात. पहिलीचा वर्ग माझ्याकडंच आहे. अजूनही फार वेळ एका जागी बसवत नाही.

परवा आम्ही दोघं पाईपलाईन रोडनं चाललो होतो. हे त्यांच्या नव्या साहेबाबद्दल काही सांगत होते. अचानक मला चीड आली. कशाची ते कळेना. ह्यांची नव्हती, साहेबाची नव्हती. कुसळ टोचावं तसं काहीतरी टोचत होतं. मी थांबले आणि आजूबाजूला पाहिलं. एका सायकलच्या दुकानाची पाटी होती. अक्षरं नेहमीसारखीच गप्प होती. पण टोचणी तिथूनच येत होती, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

"काय झालं?" हे म्हणाले.

"थांबा." मी गिरवू लागले. सायकल. द, उकार. मग र, आणि त्याच्या पोटातला उकार. दुसरा. स्ती. 'दुरूस्ती.'

मी ह्यांचा दंड धरला. "अहो, रू दीर्घ काढलाय. दुरुस्तीचा रु ऱ्हस्व असतो."

"बरं मग?"

"मला वाचायच्या आधी राग आला. कळतंय का तुम्हाला? आधी राग आला, मग वाचलं."

ह्यांनी पाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे आतली बाई बोलली."

"बोलली नाही. चिडली."

मला राहवेना. मी पायरी चढून दुकानात गेले. दुकानदार उकिडवा बसून ट्यूब पाण्यात बुडवत होता. मान वर न करता म्हणाला, "बाई, पंक्चर हाय का?"

"नाही. तुमच्या पाटीवरचा रु चुकलाय. पहिला हवा."

त्यानं ट्यूब पाण्याबाहेर काढली, उठून रस्त्यावर आला आणि कमरेवर हात ठेवून आपली पाटी बघू लागला. "कंचा?"

मी बोट वर करून दाखवला. त्यानं डोळे बारीक केले. "ह्यो व्हय? पेंटरनं काढलाय तसा. इतकी वर्सं कुनीच काय बोललं न्हाई." मग माझ्याकडं वळून, जरा कौतुकानं, "नजर लई बारीक हाय तुमची."

ह्यांना हसू आवरेना. मी मात्र अजून त्या पाटीकडंच बघत होते. बोट न हलवता, आणखी एकदा काही येतंय का ते बघत.